उशीर तिने केला नाही

सोलापुरात एखादी बाई स्तनाच्या कॅन्सरने गेली की दहाव्याला जमलेल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दुखणं अंगावर काढलं हो तिनं. वेळेवर दाखवलं असतं तर वाचली असती." शुक्रवार पेठेत ते मराठीत आणि कन्नडमध्ये ऐकू येतं, पूर्व भागात तेलुगूत. ऐकणारे मान डोलावतात आणि विषय संपतो. शिकलेली माणसं हेच जरा सफाईने सांगतात, 'आपल्या बायकांत जागरूकता नाही.' शिबिराच्या उद्घाटनात, ऑक्टोबरातल्या गुलाबी फितींच्या फेरीत आणि महिला मंडळाच्या व्याख्यानात हे वाक्य ठरलेलं असतं.

या मताची मांडणी सरळ आहे. रोग वेळीच कळला तर बरा होतो. औषधं आहेत, दवाखाने आहेत, सरकारी योजना आहेत. येत नाही ती बाई. ती लाजते, तिला कळत नाही, ती स्वतःकडे दुर्लक्ष करते. तेव्हा तिला जागं करा, फलक लावा, फेरी काढा, भाषण द्या. ती जागी झाली की प्रश्न सुटला.

मला या मताचा मनापासून राग येतो. मेलेल्या बाईवर ते आरोप ठेवतं आणि जिवंत असलेल्या आपणा सर्वांना मोकळं सोडतं. पण नुसत्या रागाने मत खोटं ठरत नाही. हे मत खोटं आहे ते पुराव्याने, आणि तो पुरावा गोळा झाला आहे महाराष्ट्रात, काही आपल्याच जिल्ह्यात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

पहिला मुद्दा लाजेचा. म्हणे आपल्याकडची बाई छातीला हात लावू देणार नाही, पदर बाजूला करणार नाही. सोलापूरहून सत्तरएक किलोमीटरवर बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते जाऊ लागले. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहिली नाही. लोक गावोगाव गेले, बायकांना एकत्र बसवून लक्षणं समजावली, शंका आली तिला रुग्णालयापर्यंत आणलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. पुढे याच मंडळींनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगभर गेले. तपासणीला बोलावलेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ आठ जणी आल्या. ही तपासणी छातीच्या तपासणीपेक्षा कितीतरी अवघड, कितीतरी खासगी. आणि आलेल्या बायका शेतात राबणाऱ्या, बहुतेक जेमतेम अक्षरओळख असलेल्या, डोक्यावरून पदर घेणाऱ्या. त्यांची लाज तेव्हा कुठे गेली होती? ती होतीच. पण समोर बाई होती, आडोसा होता, काय करणार हे आधी समजावून सांगितलं होतं आणि पुढच्या उपचाराची खात्री होती. तेवढं मिळालं आणि बाया आल्या.

आडोसा नसलेल्या खोलीत, दाराशी गर्दी लोटलेली असताना, पुरुष कंपाउंडरच्या देखत ब्लाउज काढायला सांगितल्यावर जी बाई मागे सरते तिला लाजाळू म्हणता येत नाही. कुठल्याही शहाण्या माणसाने तिथे तेच केलं असतं.

दुसरा मुद्दा अज्ञानाचा. जागरूकता नाही म्हणून बायका उशिरा येतात आणि जागरूकता केली की वेळेवर येतील, असा सगळ्यांचा ठाम समज आहे. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर एक अभ्यास सुरू केला आणि तो २० वर्षं चालवला. या बायका गरीब वस्त्यांतल्या. त्यांचे दोन गट केले. एका गटाला सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती दिली आणि पुढे दर दोन वर्षांनी घरी जाऊन विचारपूस केली. दुसऱ्या गटाला माहितीबरोबर दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित स्त्री आरोग्य कार्यकर्त्यांनी हाताने तपासलं. या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याजवळ कसलंही यंत्र नव्हतं.

२०२१ मध्ये निष्कर्ष आले. नुसती माहिती मिळालेल्या गटात ज्यांना कॅन्सर निघाला त्यांपैकी ४७ टक्के बायका तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात सापडल्या. तपासलेल्या गटात हेच प्रमाण ३७ टक्के होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही. तेव्हा त्यांच्या बाबतीत शंका आली की त्याच आठवड्यात पुढच्या तपासण्या होणं हाच मार्ग उरतो. पण जागरूकतेचा घोष करणाऱ्यांनी पहिला आकडा नीट पाहावा. माहिती दोन्ही गटांना मिळाली होती. फरक पडला तो तपासणाऱ्या बाईच्या हातामुळे. फलक कितीही मोठा केला तरी तो गाठ चाचपून पाहू शकत नाही.

आणि अज्ञान कुणाचं, हेही एकदा ठरवू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की तुमची स्तनांची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का. देशात 'हो' म्हणणाऱ्या होत्या ०.९ टक्के. म्हणजे शंभरांत एकही पूर्ण नाही. ३० वर्षांवरील प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी हे सरकारनेच २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलं आहे. आशाताईंच्या हातात जो तपासणीपूर्व फॉर्म असतो त्यात बायकांसाठी स्पष्ट प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाचा आकार बदलला आहे का. प्रश्न आहे, रकाना आहे, आशाताई आहे. पण 'हो' वर खूण झाल्यावर पुढे काय? ती बाई कुठल्या खोलीत, कुठल्या वारी, कोणाकडे जाणार? याचं उत्तर तिच्या हाती दिलं जात नसेल तर तो कागद भरून काय साधलं? सरकारने काय ठरवलं आहे हे बाईला माहीत नाही, हा दोष तिचा कसा?

तिसरा मुद्दा दुर्लक्षाचा, आणि तो सगळ्यांत जास्त झोंबतो. सोलापुरातल्या बिडी वळणाऱ्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. रात्री पानं भिजवायची, सकाळी साच्यावर ठेवून कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरत, वळत, दोरा बांधत बसायचं. हजार बिड्या झाल्या की कारखान्यात माल द्यायचा. तिथे मोजणी होते, खराब ठरतील त्या बाजूला काढल्या जातात. एक दिवस सुटला की त्या दिवसाची मजुरी गेली. तिला आंघोळ करताना गाठ लागते. गाठ दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिला वाटतं, कारण आयुष्यभर तिला हेच शिकवलं आहे की दुखेल तेच दुखणं. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे तिला सांगणारं कोणी भेटलेलंच नाही. तरीही ती पंधरा दिवसांनी गल्लीतल्या दवाखान्यात जाते. हो, जाते. हे दहाव्याला बसलेल्यांना माहीत नसतं.

तिथे काय होतं? "दुधाची गाठ असेल, गोळ्या घ्या, महिन्याने या." महिन्याने गाठ तशीच. मग मलम. मग कोणी म्हणतं, छोटंसं ऑपरेशन करून टाकू. गाठ निघते आणि काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातच नाही. तो कचऱ्यात जातो आणि त्याबरोबर तिचं निदानही जातं. सहा महिन्यांनी काखेत नवी गाठ येते. मग सिव्हिल. केसपेपर, रांग, सोनोग्राफीची तारीख, सुईने तुकडा काढण्याची तारीख, रिपोर्टची तारीख. यातला प्रत्येक दिवस तिच्या मजुरीतून जातो. शेवटी तिसरा टप्पा निघतो आणि आपण म्हणतो, अंगावर काढलं.

लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून अधिक काळ गेला तर जगण्याची शक्यता घटते, हे १९९९ मध्येच अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन मांडलं गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान झालंच पाहिजे. हे साठ दिवस कोणाचे आहेत? दाखवल्यानंतरचे. म्हणजे डॉक्टरांचे, प्रयोगशाळेचे, रुग्णालयाचे. त्यांचा हिशोब कधी कोणी मागितला आहे का? गाठ घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची तिहेरी तपासणी व्हावी हा वैद्यकातला साधा नियम आहे: हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्यावर म्हणायचं असतं, चेहऱ्याकडे पाहून नव्हे.

इथेच आणखी एका समजाला उत्तर द्यायला हवं. 'सुई लावली, चाकू लावला की कॅन्सर पसरतो' असं घरातली वडीलधारी माणसं सांगतात आणि बाईला परत नेतात. सुई लावल्याने रोग पसरतो हा समज चुकीचा आहे. सुईच्या तपासणीशिवाय कॅन्सर आहे की नाही, कोणत्या प्रकारचा आहे, कोणतं औषध लागू पडेल, यातलं काहीच कळत नाही. वेळीच कळलं तर पूर्ण स्तन काढावाच लागतो असंही नाही. गाठ आणि भोवतालचा भाग काढून पुढे रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं, हे इटली आणि अमेरिकेत २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये सिद्ध झालं आहे. या समजापायी जिचे सहा महिने गेले तिला परत नेणारे घरचे होते. मग दोषी तीच कशी?

चौथा मुद्दा यंत्राचा. मॅमोग्राफीचं यंत्र आणा, शिबिराची व्हॅन आणा, उद्घाटन करा. मॅमोग्राफी उपयोगी आहे, विशेषतः पन्नाशीनंतर. तरुण बायकांत स्तनाची घडण दाट असल्याने तिच्यात गाठ लपू शकते, आणि आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षं आधी गाठतो. एक दिवस येऊन गेलेली व्हॅन बाईच्या पुढच्या वर्षाची जबाबदारी घेत नाही. मुंबईच्या अभ्यासात ज्यांनी जीव वाचवले त्या प्रशिक्षित बायका होत्या. यंत्राचा फोटो छापून येतो, त्यांचा येत नाही. यंत्राचाच आग्रह धरण्याचं हे एवढंच कारण असेल तर ते फार महागडं आहे.

पाचवा मुद्दा 'आमच्यात होत नाही' हा. आमच्या घराण्यात कोणाला नाही, आम्ही माळकरी, मी तिन्ही मुलांना अंगावर पाजलं, मग मला कसा होईल? आणि याचीच दुसरी बाजू, झाला म्हणजे तिचंच काहीतरी चुकलं असणार, नव्या चालीचे कपडे, नव्या चालीचं वागणं. आनुवंशिक दोषामुळे होणारा स्तनाचा कॅन्सर शंभरात पाच ते दहा. म्हणजे शंभरातल्या नव्वद ते पंच्याण्णव जणींच्या बाबतीत घराण्याचा हा पुरावा कामाचा नाही. जवळजवळ निम्म्या रुग्णांत तर स्त्री असणं आणि चाळिशी ओलांडणं यापलीकडे कोणताच खास धोका सापडत नाही. अंगावर पाजण्याने धोका कमी होतो हे खरं. दर बारा महिन्यांच्या पाजण्यामागे सुमारे चार टक्के, हे २००२ मध्ये तीसेक देशांतली माहिती एकत्र करून निघालं. चार टक्क्यांचं कवच चांगलं आहे, पण ते अभेद्य नाही. वजन आटोक्यात ठेवावं, चालावं, दारू टाळावी, हे सगळं करावंच. पण ते न करणाऱ्या बाईला रोग झाला म्हणून तिला सुनावण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि सगळं नेमाने करणाऱ्या बाईला तपासणीतून सूटही नाही. कपड्यांचा तर या रोगाशी काहीही संबंध नाही.

सहावा मुद्दा आधाराचा, म्हणजे आपण ज्याला आधार म्हणतो त्याचा. 'धीर धरा, मन खंबीर ठेवा, देवावर सोडा.' कित्येक घरांत तर बाईला निदानच सांगत नाहीत. सह्या नवरा करतो, रिपोर्ट मुलगा ठेवतो आणि तिला सांगतात 'साधी गाठ आहे.' स्वतःच्या शरीराचा निर्णय तिच्याशिवाय होतो. हा कसला आधार?

आधार कशाने होतो ते सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगावं आणि कागदपत्रं तिच्याबरोबर उभं राहून भरावी. टाटाला जायचं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघावं लागतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत शयनयान आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक दाखला लागतो. तो कुठे मिळतो हे सांगणारं माणूस हवं. मुंबईत उतरायला दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, हे तिच्या नवऱ्याला फुटपाथवर दोन रात्री काढल्यावर कळू नये.

उपचार संपल्यावर खरी कसोटी लागते. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, जड होतो, बोटं आखडतात. ज्या बाईची मजुरी बोटांवर आहे, जी बिडी वळते, शिलाई मशीन चालवते, तिचा हात म्हणजे तिचं घर. तिला हाताचा व्यायाम शिकवणारी, सूज मोजणारी, पट्टी बांधून देणारी फिजिओथेरपिस्ट पेठेच्या जवळ हवी. ज्यांना लागू पडते त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं रोज घ्यायची असते. ती मध्येच सुटू नये म्हणून महिन्याला दारात येणारं कोणी हवं. आणि स्तन काढलेल्या बाईला चारचौघींत ताठ उभं राहता यावं म्हणून आत सुती भराव असलेली, तिच्या मापाची चोळी हवी. ज्या सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल देशभर जातात, ज्या शहरात हजारो शाळांचे गणवेश शिवले जातात, त्या शहराला ही चोळी शिवून फुकट देणं जमणार नाही?

कोणी म्हणेल, हे सगळं करायचं तर पैसा आणि माणसं कुठून आणायची. माणसं आहेत. आशाताई आहेत, आरोग्यसेविका आहेत, बचत गट आहेत. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत महिला बिडी कामगारांची दहा हजार घरं एका जागी आहेत. घरोघर तपासणीला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. तिथून सुरुवात करा. तपासणाऱ्या बायकांना नीट शिकवा: तीन बोटांच्या पेरांनी, गोल गोल फिरवत, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत, काखेसकट, घाई न करता. माहितीपत्रक मराठीत काढाच, पण तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही काढा, कारण बाईला स्वतःच्या छातीबद्दल घरच्या भाषेतच विचारावं लागतं. सिव्हिलमध्ये आठवड्यातला एक वार फक्त स्तनाच्या तक्रारींसाठी ठेवा, तिहेरी तपासणी त्याच दिवशी सुरू करा आणि साठ दिवसांचा हिशोब जाहीर फलकावर लावा. फलक लावायची एवढी हौस असेल तर हा लावा.

२०२२ मध्ये भारतात सुमारे एक लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाल्याचा आणि ९८ हजारांहून अधिक जणी दगावल्याचा अंदाज आहे. अमेरिकेत त्या वर्षी नव्या रुग्ण आपल्याहून जास्त होत्या आणि मृत्यू आपल्या निम्म्याहून कमी. श्रीमंत देशांत निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या नव्वद टक्क्यांहून अधिक आहेत, आपल्याकडे ६६ टक्के. तिथल्या बायका जात्याच धीट आणि आपल्या बायका जात्याच बेफिकीर आहेत, असं छातीवर हात ठेवून कोणी म्हणेल का? पोरांना ताप आला तर जी बाई रात्री बाराला दवाखान्याचं दार ठोठावते ती स्वतःच्या जिवावर उदार झाली असेल, तर तिला तसं व्हायला कोणी भाग पाडलं?

दहाव्याला बसून मृत बाईला नावं ठेवणं आता थांबवा. तिने गाठ सांगितली तेव्हा घराने ऐकलं नाही. घराने ऐकलं तेव्हा पहिल्या दवाखान्याने तपासलं नाही. तपासलं तेव्हा तारीख मिळाली नाही, आणि तारीख मिळाली तेव्हा मजुरी सोडणं परवडलं नाही. बार्शी आणि धाराशिवच्या खेड्यांतल्या, मुंबईच्या वस्त्यांतल्या लाखो बायकांनी दाखवून दिलं आहे की दारात बाई पाठवली आणि मागे उपचार उभे केले की त्या येतात. यापुढे उशीर झाला तर जाब घराला विचारा, दवाखान्याला विचारा, महापालिकेला आणि सरकारला विचारा. तिला विचारू नका. उशीर तिने केला नाही.